सम्राट अशोक आणि कलिंगची माणसे

अशोक विजयादशमी हा शब्द आपल्या वस्त्यांत आता लहान मुलांच्याही तोंडी बसला आहे. याच दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या भूमीवर लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. पण ज्याच्या नावाने हा दिवस ओळखला जातो त्या अशोकाविषयी आपल्या मुलांना काय ठाऊक असते? मी वर्गात विचारतो तेव्हा उत्तर ठरलेले असते. अशोक फार क्रूर होता, त्याने कलिंगची लढाई जिंकली, रणांगणावरची प्रेते पाहून त्याला पश्चात्ताप झाला, त्याने तलवार टाकली आणि तो बौद्ध झाला. चार ओळींत सारे आटोपते, आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळतात.

ही चार ओळींची गोष्ट अगदीच खोटी आहे असे नव्हे. पण तीत कलिंगची माणसे नाहीत. ती प्रेते होऊन येतात, राजाचे मन पालटवतात आणि निघून जातात. खुद्द अशोकाने मात्र त्यांना असे निघून जाऊ दिले नाही. त्याने ती मोजली आणि तो आकडा दगडावर कोरवला. म्हणून धम्मबंधू-भगिनींनो, हे चरित्र शक्यतो अशोकाच्या स्वतःच्या शिलालेखांच्या आधाराने सांगतो आहे. पोथ्यांतील कथा जेथे येईल तेथे ती कथा आहे असे स्पष्ट म्हणेन.

अशोक हा मौर्य घराण्याचा तिसरा राजा. आजोबा चंद्रगुप्त, वडील बिंदुसार. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. तरुणपणी तो उज्जयिनीचा कारभार पाहत होता असे सिंहली ग्रंथ सांगतात, तर तक्षशिलेचे बंड शमवण्यास त्याला पाठवले होते असे उत्तरेकडील ग्रंथांत आहे. उज्जयिनीच्या वाटेवर विदिशेला एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, देवीशी, त्याचा संबंध जुळला. तिची मुले महिंद व संघमित्ता. पुढे सिंहलद्वीपात धम्म नेणारी ती हीच, असे महावंस म्हणतो.

राज्यावर येताना त्याने नव्याण्णव भाऊ मारले, ही कथाही त्याच ग्रंथातली. आपल्याकडील व्याख्यानांतूनही ती रंगवून सांगितली जाते. वक्त्यांना ती आवडते, कारण आधीचा अशोक जितका काळा रंगवावा तितका नंतरचा उजळ दिसतो. परंतु राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांविषयी पाचव्या शिलालेखात अशोक लिहितो, तेव्हा आपल्या भावांच्या व बहिणींच्या घरांतही हे अधिकारी काम करतात असे तो सांगतो. भाऊ मारले होते तर ही घरे कोणाची? गादीसाठी भांडण झाले असावे हे खरे, कारण राज्य हाती येणे आणि अभिषेक होणे यांत चार वर्षे गेली असे सिंहली परंपरा मानते. पण नव्याण्णव हा आकडा कथेचा आहे. कलिंगचा आकडा तसा नाही. तो राजाने स्वतःविरुद्ध लिहून ठेवलेला आहे.

अभिषेक सुमारे इ.स.पूर्व २६९ च्या सुमारास झाला. त्यानंतर आठ वर्षे झाली तेव्हा त्याने कलिंगवर स्वारी केली. कलिंग म्हणजे आजचा ओडिशाचा किनारी भाग आणि त्याला लागून आंध्राचा उत्तरेकडचा पट्टा. दक्षिणेकडे जाणारी वाट या प्रदेशातून जात असे आणि पूर्व किनाऱ्यावरचा समुद्रव्यापारही येथूनच चाले. मौर्यांच्या राज्याने चारी बाजूंनी हातपाय पसरले असताना हा देश मध्येच स्वतंत्र राहिला होता. स्वारीचे कारण अशोकाने कोठे दिलेले नाही. कलिंगच्या राजाचे नावही त्याच्या लेखात नाही. एवढी मोठी लढाई, आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्या राजाचे नाव न लिहिता प्रजेविषयी लिहावे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या काळातील राजांच्या प्रशस्त्या पाहा. त्यांत कोणत्या राजाला पळवले, कोणाचे हत्ती हिसकावले, कोणाकडून खंडणी घेतली याचीच यादी असते.

तेराव्या शिलालेखात अशोक आकडे देतो. दीड लाख माणसे त्या देशातून काढून नेली. एक लाख माणसे तेथे मारली गेली. आणि त्याहून कितीतरी पट माणसे मेली.

हे तीन हिशेब वेगवेगळे आहेत हे ध्यानात घ्यावे. शस्त्राने मेली ती एक लाख. मेली असे नुसते म्हटले आहे ती निराळी. रणात न पडताही युद्धात माणूस मरतो. पिके जळतात, गुरे ओढून नेली जातात, वाहत्या जखमा चिघळतात, रोगाची साथ येते, आणि धान्य संपलेल्या घरात प्रथम म्हातारी माणसे व तान्ही मुले जातात. ज्या काळी सेनापती फक्त शत्रूची मुंडकी मोजत, त्या काळी एका राजाने या मागाहून मरणाऱ्यांनाही युद्धातच धरले. नेमका आकडा त्याच्यापाशी नव्हता, म्हणून कितीतरी पट एवढेच तो लिहितो.

आता एक ताळा करून पाहू. अशोकापूर्वी काही दशके पाटलिपुत्रात ग्रीकांचा वकील मेगॅस्थेनिस राहून गेला. त्याच्यासारख्यांच्या माहितीवरून प्लिनी या रोमन लेखकाने कलिंगच्या राजाचे सैन्य नोंदवले आहे : साठ हजार पायदळ, एक हजार घोडेस्वार आणि सातशे हत्ती. पुढच्या काळात हे सैन्य वाढले असेल असे धरले तरी मारलेले एक लाख आणि धरून नेलेले दीड लाख, हे सारे शिपाई असूच शकत नाहीत. म्हणजे शेतकरी, कोळी, सुतार, लोहार, गवळी, आणि त्यांच्या बायकामुलांवर ही लढाई कोसळली. कलिंग राजाशी नव्हे, कलिंगच्या लोकांशी हे युद्ध झाले.

आणि ती दीड लाख माणसे कोठे नेली? लेखात काढून नेण्यासाठी जो शब्द आहे, त्याच धातूचा शब्द कौटिल्याच्या नावावर असलेल्या अर्थशास्त्रात येतो. तेथे ओसाड जमिनीवर नवी वस्ती कशी बसवावी हे सांगितले आहे. परक्या देशातून माणसे आणून बसवावी, अथवा आपल्याच देशातील दाट वस्तीची माणसे हलवावी, आणि अशा गावांत मुख्यतः शूद्र शेतकऱ्यांचा भरणा असावा असा तो विचार आहे. यावरून कलिंगची माणसे जंगल तोडून जमीन लागवडीला आणण्याच्या कामी लावली असावीत असे काही इतिहासकारांना वाटते. मला ते पटते. दीड लाख माणसे नुसती कैदेत ठेवून कोणते राज्य पोसेल? ती राबवली गेली असणार. आपल्या वाचकांना हे अधिक फोडून सांगायला नको. गावकुसाबाहेर कोणी कोणाला कधी आणून बसवले, कोणाच्या हातात काय दिले आणि त्याचा मोबदला म्हणून काय टाकले, हे आपल्या आजे-पणज्यांनी अंगावर सोसले आहे. दगडावर दीड लाख हा आकडा वाचताना मला आधी त्या माणसांची पायपीट दिसते, राजाचा पश्चात्ताप मागाहून.

आश्चर्य असे की ज्या ग्रंथांनी अशोकाचा इतका गौरव केला, त्या महावंसात कलिंगच्या युद्धाचा उल्लेखही नाही. उत्तरेकडील अशोकावदानातही नाही. महावंस सांगतो, निग्रोध नावाच्या लहान श्रामणेराला पाहून राजाचे मन वळले. अवदानात एका भिक्खूचा छळ व त्याची सहनशीलता पाहून ते वळते. या कथा सुंदर आहेत आणि आपल्या विहारांत त्या सांगाव्यात. पण त्या रचणाऱ्यांना कलिंगची माणसे आठवली नाहीत. तो तेरावा शिलालेख नसता तर अडीच लाख माणसांचे काय झाले हे आज जगात कोणालाही कळले नसते. दया नदीचे पाणी रक्ताने लाल झाले, एका कलिंग स्त्रीने राजाला भर रणात जाब विचारला, अशा गोष्टी चित्रपटांतून व नाटकांतून दाखवतात. लेखात त्या नाहीत. त्यांची गरजही नाही, कारण लेखात आहे ते याहून अधिक चटका लावणारे आहे.

लेखाचा पुढचा भाग मेलेल्यांविषयी नाही, मागे राहिलेल्यांविषयी आहे. अशोक म्हणतो, त्या देशात ब्राह्मण व श्रमण राहतात, इतर पंथांचे लोक राहतात, साधे गृहस्थ राहतात. ही माणसे वडीलधाऱ्यांची, आईबापांची, गुरूंची सेवा करणारी, मित्र, सोबती, नातलग, दास व नोकर यांच्याशी नीट वागणारी. अशांच्या वाट्याला इजा येते, मरण येते, किंवा जिवाभावाच्या माणसांची ताटातूट येते. आणि ज्यांना स्वतःला काही झाले नाही, ज्यांचे घर वाचले, त्यांचे प्रेम मात्र ओसरलेले नसते. आपल्या मित्रावर, नातलगावर ओढवलेले संकट तेच त्यांच्यावरचा घाव होते. अशा रीतीने सर्वांच्याच वाट्याला हे दुःख येते, आणि राजाला याचेच सर्वांत जड वाटते.

दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीचा राजा हे लिहितो! जो वाचला त्यालाही युद्ध लागते, हे त्याला कळले होते. आपल्या समाजाला हे निराळे सांगावे लागत नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी फौजेत सुभेदार होते, १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, दोन्ही महायुद्धांत आपली माणसे दूर देशी गेली. पराक्रमाचे पोवाडे आपण गातो आणि ते गावेतच. परंतु मनिऑर्डर येणे थांबले म्हणजे काय झाले हे ओळखणाऱ्या बायकाही याच वस्त्यांत होत्या. त्यांच्यावर पोवाडा झाला नाही. अशोकाच्या तेराव्या लेखात त्यांना जागा आहे.

आणि एक गोष्ट. बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रात, सिद्धार्थाने घर सोडण्याचे कारणही युद्धच दिले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत एकाएकी दिसल्याची जुनी कथा त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांविरुद्ध युद्ध पुकारले, सिद्धार्थाने संघात उभे राहून विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि त्याचे फळ म्हणून त्याने देशत्याग पत्करला. सिद्धार्थाने युद्ध होण्यापूर्वी नाही म्हटले. अशोकाने ते करून झाल्यावर. दोघांत हे अंतर आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

आता चार ओळींच्या गोष्टीतला शेवटचा भाग : तो बौद्ध झाला. कसा झाला? याचे उत्तर अशोकानेच एका लहान लेखात दिले आहे. जबलपूरजवळ रूपनाथ येथे, कर्नाटकात मस्की व ब्रह्मगिरी येथे आणि आणखी कितीतरी ठिकाणी तो सापडला आहे. त्यात तो सांगतो की, मला उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला. पण पहिले एक वर्ष माझ्या हातून विशेष उद्योग झाला नाही. संघाच्या जवळ गेल्याला एक वर्षाहून अधिक झाले, आणि तेव्हापासून मी कसून प्रयत्न करतो आहे.

केवढा हा प्रामाणिकपणा! आपल्यापैकी किती घरांत दीक्षेनंतर काय झाले ते आठवावे. देव्हाऱ्यातले देव काढले, पण विहिरीत टाकायला हात धजेना म्हणून माळ्यावर ठेवले. त्रिशरण पाठ झाले, पण मूल तापाने फणफणले की आजी गुपचूप दृष्ट काढी. गावातले लोक हसले, काही नातेवाइकांनी सोयरीक तोडली, आणि हे बौद्ध कसले असे टोमणे मारले. त्यांना अशोकाचा हा लेख दाखवावा. सम्राटालाही एक वर्ष लागले. फरक इतकाच की तो त्या वर्षाचा हिशेब लपवत नाही आणि तेथे थांबतही नाही.

संघाजवळ गेल्यावर काय झाले? अभिषेकाला दहा वर्षे झाली तेव्हा तो बोधगयेला गेला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी यात्रा काढीत. त्याने धम्मयात्रा सुरू केली : श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, त्यांना दान देणे, वृद्धांना भेटणे व त्यांना मदत करणे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे. हे ज्या आठव्या लेखात आहे, त्याचा तुकडा आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या उत्तरेस सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. सोपारा तेव्हा मोठे बंदर होते. त्याच परिसरात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो नेमका १९५६ साली. या नवव्या लेखात आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी केल्या जाणाऱ्या निरर्थक विधींविषयी राजा बोलतो. अशा विधींत विशेषतः बायका पुढे असतात असे तो म्हणतो. येथे आमच्या भगिनींना राग यावा, कारण सत्यनारायणाला सोवळे नेसून बसणारे पुरुषही काही कमी नाहीत. पण खरे मंगल कोणते, तर दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, हे त्याने तेथे सांगितले आहे.

राजवाड्यातल्या मुदपाकखान्याविषयीही त्याने लिहिले. पूर्वी तेथे रोज कालवणासाठी लाखो प्राणी मारले जात. लेख लिहिला तेव्हा तीनच मारले जात होते : दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नव्हे. पुढे हेही मारले जाणार नाहीत असे तो सांगतो. एखाद्या नवदीक्षित गृहस्थाने आपल्या घरातला हिशेब मांडावा तसे हे वाचताना वाटते. एका रात्रीत सगळे सुटले असा आव त्यात नाही.

त्याने माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्या, रस्त्याकडेला वड लावले, आंबराया उठवल्या, विहिरी खणल्या, धर्मशाळा बांधल्या. धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले, त्यांनी तुरुंगातील लोकांकडेही लक्ष द्यावे असे ठरवले. कोणाला मुले फार आहेत, कोण म्हातारा आहे, हे पाहून त्याची सुटका करावी अशी त्यांना आज्ञा होती. लुंबिनीला जाऊन त्याने त्या गावाचा कर माफ केला आणि धान्याचा राजभाग आठव्या हिश्शावर आणला. ही यादी शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून मी येथे लांबवत नाही.

पुस्तकात नसते ते मात्र सांगितले पाहिजे. अशोकाने कलिंग परत केले नाही. नेलेली दीड लाख माणसे घरी पाठवल्याचा एकही शब्द त्याच्या कोणत्याही लेखात नाही. फाशीची शिक्षा त्याने बंद केली नाही. अभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने एवढे ठरवले की शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत द्यावी, म्हणजे नातलगांना त्याच्या जिवासाठी दाद मागता येईल. आणि ज्या तेराव्या लेखात तो कलिंगसाठी कळवळतो, त्याच लेखात अरण्यात राहणाऱ्या लोकांना तो बजावतो की, राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगी बळ आहे. त्यांनी वागणे सुधारावे, नाही तर मारले जातील. ज्यांना क्षमा करणे शक्य आहे त्यांना क्षमा करीन असेही तो म्हणतो, पण ही धमकीही आहेच. आदिवासी बांधवांनी हा लेख वाचला तर त्यांना तो आपल्याइतका गोड लागणार नाही, हे आपण समजून घ्यावे.

यामुळे अशोक लहान होतो काय? मला तसे वाटत नाही. त्याने सैन्य मोडून टाकले अशी समजूत आहे, तिला लेखांत आधार नाही. पण कलिंगनंतर त्याने दुसरा देश जिंकण्यासाठी स्वारी केल्याचीही नोंद नाही, आणि त्याचे राज्य त्यापुढे सुमारे तीस वर्षे चालले. हाताशी एवढी फौज, दक्षिणेला चोळ व पांड्यांचे देश, आणि तरी स्वारी नाही. तेथे त्याने वैद्यकाची सोय आणि धम्माचा निरोप पाठवला. यवनांच्या पाच राजांची नावे देऊन, तेथपर्यंत आपण धम्माचा विजय मिळवला असे तो लिहितो. मुलांनी व नातवांनी नवे देश जिंकण्याचा विचार करू नये, आणि जिंकण्याची वेळच आली तर सौम्यपणे वागावे, शिक्षा हलकी करावी, असे त्याने पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवले. आपली संतती आपल्यासारखी राहणार नाही हेही त्याला कळत होते असे दिसते.

आता पुन्हा कलिंगला जाऊ. भुवनेश्वरजवळ दया नदीच्या काठी धौली नावाची टेकडी आहे. तेथे खडकातून हत्तीचा पुढचा भाग कोरून काढलेला आहे आणि त्याच्या पायाशी अशोकाचे लेख आहेत. दुसरा असाच संच गंजाम जिल्ह्यात जौगडला आहे. इतरत्र जे चौदा लेख ओळीने सापडतात, त्यांतला अकरावा, बारावा व तेरावा कलिंगमध्ये नाहीत. म्हणजे युद्धाचा, आकड्यांचा व पश्चात्तापाचा लेख ज्यांच्यावर युद्ध झाले त्यांच्या देशात लावलाच नाही! वायव्येला शाहबाजगढीला तो आहे, डेहराडूनकडे कालसीला आहे, आणि अफगाणिस्तानात कंदाहारला त्याचा ग्रीक भाषेतला मजकूर १९६३ साली सापडला. कंदाहारच्या यवनाला कलिंगचे दीड लाख वाचता येत होते. तोसलीच्या शेतकऱ्याला नाही.

असे का केले असेल? कोणी म्हणतात, जखमेवरची खपली काढू नये म्हणून. कोणी म्हणतात, चिडलेली प्रजा पुन्हा उठेल या भीतीने. मला वाटते, दोन्ही असेल. ज्याच्या घरातली तीन माणसे गेली त्याच्या दारात जाऊन तुझी तीन माणसे मी मारली असे दगडावर कोरून लावणे हे क्षमा मागणे नव्हे. पण न सांगणे हेही पुरेसे नाही. त्याऐवजी जे लेख तेथे लावले ते मात्र नीट पाहावेत.

ते कलिंगच्या लोकांना उद्देशून नाहीत, त्यांच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. सर्व माणसे माझी लेकरे आहेत आणि माझ्या लेकरांचे इहलोकी व परलोकी भले व्हावे असे मला वाटते, तसेच या साऱ्यांचे व्हावे, असा त्याचा भाव आहे. मग तो कामाचे बोलतो. कारण नसताना कोणी तुरुंगात पडतो, छळला जातो, आणि एकामुळे पुष्कळांना दुःख होते. हे होता कामा नये. अधिकाऱ्याच्या हातून अन्याय का होतो याची कारणेही तो एकेक सांगतो : मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, कामाचा सराव नसणे, आळस आणि थकवा. आजही कोणत्याही कचेरीत, कोणत्याही चौकीवर हीच यादी पुरते. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, मध्येही वाचावा, ऐकणारा एकच माणूस असला तरी वाचावा. दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी पाहणीसाठी फिरवावा. दुसऱ्या लेखात सीमेवरच्या, न जिंकलेल्या लोकांविषयी तो लिहितो की त्यांनी राजाला भिऊ नये, त्यांना माझ्याकडून सुखच मिळेल, दुःख नाही.

म्हणजे तिष्याच्या दिवशी तोसलीच्या चौकात लोक जमत असतील. युद्धानंतर पाच-सहा वर्षांचा काळ. त्यांत आईबाप नसलेली पोरे असतील, परत न आलेल्या भावाची वाट पाहणाऱ्या बहिणी असतील. अधिकारी वाचतो आहे की राजा तुम्हाला लेकरे मानतो. त्यांना काय वाटले असेल? त्यांच्यापैकी कोणी दगडावर लिहिले नाही. एकाच बाजूचा शब्द उरला आहे, आणि तो जिंकणाऱ्याचा आहे. त्याने आपल्याविरुद्ध साक्ष दिली म्हणूनच हरलेल्यांविषयी आपल्याला काही कळते, इतकेच.

अशोकाच्या उतारवयाविषयी लेख फार बोलत नाहीत. पुत्र तीवर व त्याची आई राणी कारुवाकी यांची नावे एका लेखात येतात. तिने दिलेले दान तिच्या नावे नोंदवावे अशी आज्ञा आहे. पाटलिपुत्रात मोग्गलिपुत्त तिस्स यांच्या अध्यक्षतेखाली तिसरी संगीती झाली आणि चारी दिशांना भिक्खू पाठवले गेले, त्यांत महाधम्मरक्खित हे महारट्ठात आले, असे महावंस सांगतो. सुमारे इ.स.पूर्व २३२ मध्ये अशोक वारला. अशोकावदानात त्याच्या अखेरीची एक कथा आहे. म्हाताऱ्या राजाच्या दानाला मंत्र्यांनी बंदी घातली. सोन्याची ताटे गेली, मग चांदीची, मग लोखंडाची, मग मातीची. शेवटी त्याच्या हातात अर्धा आवळा उरला, तोही त्याने संघाला पाठवला. भिक्खूंनी तो वाटून कालवणात टाकला म्हणजे सर्वांना मिळाला. ही कथाच आहे. पण ज्याच्या नावावर अडीच लाख माणसांचा हिशेब आहे त्याच्या हातात शेवटी अर्धा आवळा द्यावा, हे कथा रचणाऱ्या भिक्खूला सुचले, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला सेनापती पुष्यमित्र शुंगाने सैन्याच्या पाहणीच्या वेळी मारले. यज्ञ पुन्हा सुरू झाले. हळूहळू ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही. लोक त्या दगडांना देव म्हणत, कोठे भीमाची काठी म्हणत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली. त्याच सुमारास धौलीचा खडक मार्कहॅम किट्टोने झाडीतून शोधून काढला. कोरलेल्या ओळी नीट दिसण्यासाठी तेथली झुडपे तोडावी लागली. ओळींमागून ओळी वाचल्या गेल्या, झाडांविषयी, औषधांविषयी, अधिकाऱ्यांच्या आळसाविषयी. त्या खडकावर युद्धाविषयी एक अक्षर नव्हते. कलिंगची माणसे किती मेली हे कलिंगला कळले ते शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या खडकांवरून.